सेझिनकोटचें उपवन आणि घारापुरीचा स्तंभ

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यांत, मोरटन-इन-मार्श या बाजाराच्या गांवाजवळ, सेझिनकोट नांवाचें एक जुनें उपवन आहे. उपवनांतून एक ओढा वाहतो. ओढ्यावर गाडी जाईल असा एक लहान पूल आहे. पुलाच्या कठड्यांवर नंदी बसलेले आहेत. आणि पुलाखालीं जे खांब दिसतात ते घारापुरीच्या शैव लेण्यांतील खांबांच्या धर्तीवर घडविलेले आहेत. हें काम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचें, म्हणजे पुण्यास दुसरा बाजीराव गादीवर असतांनाचें. घारापुरीचा खांब तेथवर कोणत्या वाटेनें गेला, त्या वाटेवर कोणाकोणाचे हात लागले, आणि त्यांपैकीं कोणाचें नांव राहिलें व कोणाचें गळालें, हें या लेखांत सांगावयाचें आहे. त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम पुणें हा आहे. म्हणून हा विषय परदेशच्या बागांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

प्रथम शब्दांचा निकाल लावूं. इंग्रजींतील पार्क हा शब्द आपण बाग या अर्थीं वापरतों. परंतु त्याचा मूळ अर्थ तो नव्हे. कुंपण घालून हरणें राखलेली शिकारीची जमीन, तें पार्क. आपल्याकडे या अर्थाचा नेमका शब्द आहे, तो रमणा. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं असलेला रमणा श्रावणांतील दक्षिणेच्या वाटपामुळें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे, आणि त्यामुळेंच रमणा म्हणजे दक्षिणा वांटण्याचें आवार असा समज दृढ झाला आहे. राखीव कुरण, हरणें सोडलेलें रान, हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. पेशव्यांचा शिकारखानाही पर्वतीच्या पायथ्याशींच होता हें येथें ध्यानांत ठेवावें. त्याचा उल्लेख पुढें पुन्हां येणार आहे.

संस्कृतांत तर या बाबतींत फारच बारकाई आहे. अमरसिंहानें वनौषधिवर्गाच्या आरंभीं जी नांवें दिलीं आहेत तीं पाहावीं. मनुष्यानें लावलेलें वन तें आराम किंवा उपवन. घरालगतचें तें निष्कुट. अमात्याच्या अथवा गणिकेच्या घरची ती वृक्षवाटिका. राजाचें पण सर्वांस साधारण असें तें आक्रीड किंवा उद्यान. आणि तेंच अंतःपुराकरितां राखलेलें असलें म्हणजे प्रमदवन. बाग कोणाची आणि तेथें जाण्याचा अधिकार कोणास, यावरून नांव ठरतें; झाडें कोणतीं यावरून नव्हे. सेझिनकोटचा धनी कंपनीचा अधिकारी व सावकार होता. तेव्हां अमराच्या हिशोबानें त्याच्या बागेस वृक्षवाटिका म्हणावी लागेल. परंतु विस्तार पाहतां आम्हीं उपवन हाच शब्द ठेवला आहे.

इंग्लंडांतील मोठ्या घराण्यांच्या बागा पूर्वी आंखीव असत. सरळ रस्ते, कातरलेलीं झाडें, चौकोनी हौद, असा तो फ्रेंच व डच थाट होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही रुचि पालटली. बकिंगहॅमशायरांतील स्टो येथें विल्यम केंट वगैरेंनीं वळणाच्या वाटा, नागमोडी पाणी आणि मधूनमधून देवळासारख्या लहान इमारती अशी नवी रचना आणली. पुढें लॅन्सलट ब्राऊन (१७१६–१७८३) यानें ती रीत देशभर पसरविली. कोणाचीही जमीन पाहिली कीं हिच्यांत अमुक करण्याजोगें आहे असें तो म्हणे, आणि त्या इंग्रजी शब्दावरूनच त्यास टोपणनांव पडलें. त्याची युक्ति अशी कीं ओढ्यास बांध घालावा, बांधाच्या पोटांत चिकणमाती पाणी घालून तुडवून बसवावी, व तळें असें पसरूं द्यावें कीं त्याचीं दोन्ही टोंकें झाडांत लपावीं. म्हणजे पाहणारास तें नदीचें पात्र वाटतें. घराच्या हिरवळीपर्यंत गुरें व मेंढ्या चरतांना दिसाव्यात परंतु आंत येऊं नयेत, यासाठीं मध्यें खंदक खणून त्याची एक बाजू दगडानें बांधून काढीत. घरांतून पाहिलें तर खंदक दिसतच नाहीं व कुरण थेट दाराशीं आल्याचा भास होतो. हा सर्व प्रकार कृत्रिम, परंतु कृत्रिमता दिसूं द्यावयाची नाहीं हा त्यांतला नियम.

आमच्या कवींचा मार्ग याच्या उलट आहे. मेघदूतांतील यक्षाच्या घरीं पाचूच्या पायऱ्यांची वापी आहे आणि तिच्या कांठीं सोन्याच्या केळींनीं वेढलेला क्रीडाशैल आहे. क्रीडाशैल हें नांवच सांगतें कीं हा डोंगर खेळासाठीं केलेला आहे. तो खरा डोंगर आहे अशी कोणाची समजूत करून देण्याची कालिदासास गरज वाटली नाहीं. आम्हांस हा प्रामाणिकपणा अधिक आवडतो. परंतु आवडीनिवडीचा प्रश्न बाजूस ठेवूं.

या नैसर्गिक दिसणाऱ्या रानाची एक किंमत होती, आणि ती बहुधा दुसऱ्यांनीं दिली. ऑक्सफर्डजवळ न्यूनहम कोर्टनी येथें लॉर्ड हार्कोर्ट यानें १७६० च्या सुमारास घरासमोरचें जुनें गांव उठवून हमरस्त्यावर नेऊन बसविलें. डॉर्सेटमध्यें मिल्टन अॅबस येथें तर लॉर्ड मिल्टन यानें बाजारपेठेचें सबंध गांव पाडलें व नजरेआड असलेल्या दरींत एकसारखीं घरें बांधून दिलीं. १७८० च्या सुमारास झालेल्या या कामांत ब्राऊनचाही हात होता. गोल्डस्मिथचें उजाड गांवावरचें काव्य १७७० सालचें आहे, आणि त्याच्या मागें न्यूनहमचीच हकीकत असावी असें पुष्कळांचें मत आहे. हिरव्या कुरणाकडे पाहतांना त्याखालीं घरांचे पाये असूं शकतात, ही गोष्ट जुनीं गांवठाणें शोधणाऱ्या आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको.

आतां सेझिनकोट. १७९५ सालीं बंगालच्या फौजेंतून परत आलेल्या कर्नल जॉन कॉकरेल यानें ही मालमत्ता विकत घेतली. तो १७९८ त वारला आणि ती त्याच्या भावंडांकडे आली. त्यांपैकीं चार्ल्स कॉकरेल (१७५५–१८३७) यानें इतरांचे हिस्से घेऊन ती एकट्याची केली. हा चार्ल्स कलकत्त्यास कंपनीच्या टपालखात्याचा मुख्य होता, व तेथील पॅक्स्टन, कॉकरेल आणि ट्रेल या सावकारी पेढीचा भागीदार होता. तिसरा भाऊ सॅम्युएल पेपीस कॉकरेल हा शिल्पी. त्यानें याच मुलखांत डेल्सफर्ड येथें वॉरन हेस्टिंग्सचें घर बांधलें होतें. म्हणजे ज्याच्या अमदानींत मराठ्यांशीं सालबाईचा तह झाला तो माणूस या मंडळींचा शेजारी. चार्ल्सनें भावाकडून १८०५ च्या सुमारास जें घर बांधविण्यास घेतलें त्याला तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीबाहेर आलेलें रुंद छज्जें, आणि मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानींच्या खिडक्या आहेत. आंत मात्र सर्व काम ग्रीक-रोमन वळणाचें आहे. बाहेरून मोंगल, आंतून इंग्रज, असा हा वाडा आहे. अंगरखा घालून जेवणास मात्र मेज-खुर्ची लागते अशांतला प्रकार.

उपवनाची आंखणी करण्यास हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) याचा सल्ला घेतला होता, आणि रेप्टननें ही हकीकत आपल्या १८०६ च्या पुस्तकांत नमूद केली आहे. या रेप्टनविषयीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस गोडी वाटेल अशी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो गिऱ्हाइकास तांबड्या चामड्यांत बांधलेली हातानें लिहिलेली वही करून देई. तींत जागेचें जलरंगांतील चित्र असे आणि त्यावर एक कागदी पाकळी चिकटविलेली असे. पाकळी खालीं असतां जमीन आज आहे तशी दिसे, आणि वर उचलली कीं रेप्टन करणार असलेलें तळें, झाडी, वाट दिसूं लागे. अशा वह्या इंग्लंडांत आज मोठ्या मोलाच्या मानल्या जातात, आणि कांहींच्या पाकळ्या हाताळून हाताळून गळाल्या आहेत. एकाच पानावर पूर्वपक्ष आणि सिद्धांत मांडण्याची ही रीत आम्हांस फार चतुर वाटली.

पूल, देऊळ वगैरे हिंदु वळणाचीं कामें मात्र रेप्टनचीं नव्हेत. तीं थॉमस डॅनियल (१७४९–१८४०) या चितारी गृहस्थानें आंखून दिलीं. या कामासंबंधीं त्यानें कॉकरेलला लिहिलेलीं पत्रेंही उपलब्ध आहेत.

आम्ही हें स्थळ पाहिलें तें जून महिन्यांत. बाग ठराविक वारीं दुपारच्या वेळीं पैसे घेऊन दाखवितात. मोरटनच्या रेल्वे स्टेशनावरून रस्ता बोर्टन-ऑन-द-हिल या गांवाकडे चढत जातो व वाटेंतच डावीकडे फाटकाचा रस्ता फुटतो. ओकच्या झाडांतून बरेंच चालल्यावर खालीं ओढ्याचें पात्र येतें आणि आपण पुलावर असतों. नंदी दिसेपर्यंत पूल आहे हें ध्यानांतही येत नाहीं. सर्व रचना पाण्याच्या अनुरोधानें आहे. चढावर झऱ्याचें कुंड, त्याच्या कांठीं एक लहान देऊळ, देवळांत सूर्याची मूर्ति. कुंडांतलें पाणी उतरून पुलाखालून जातें. पुलाच्या पोटांत, खांबांच्या मधून, पाण्यांत दगड टाकून वाट केली आहे, आणि बसण्यास दगडी बांक आहे. पुलापलीकडच्या कुंडांत झाडाच्या खोडास वेढे घातलेला तीन फणांचा नाग आहे व त्याच्या मुखांतून पाणी उडतें. पुढें ओढा झाडींत शिरून खालच्या तळ्यास मिळतो.

पुलाखालच्या बांकावर बसलें म्हणजे या लेखाचा मुख्य विषय हाताच्या अंतरावर येतो. खांब ठेंगणे, जाड, आणि माथ्याशीं वजनानें दबलेल्या गिरदीसारखे आहेत. ज्यानें घारापुरी पाहिली आहे त्यास ओळख पटण्यास क्षणही लागत नाहीं. घारापुरीच्या मोठ्या लेण्यांतील खांब खालीं निम्म्यापर्यंत साधा चौरस असतो; त्यावर पन्हळी पाडलेला गोल आंखूड दांडा; त्यावर चेपलेल्या आंवळ्यासारखी पन्हळीदार उशी, हिलाच शिल्पशास्त्रांतील आमलकाच्या कुळांतली म्हणावें; आणि तिच्यावर हस्त. लेणें सहाव्या शतकाच्या मध्यांतलें मानतात.

लेण्यांतील खांब आणि बांधकामांतील खांब यांत एक मूळचा फरक आहे. लेण्यांत खांब उभारीत नाहींत. भोंवतालचा दगड काढून टाकतात आणि जो ठेवावयाचा तो खांब होतो. काम वरून खालीं येतें. आधीं उशी सुटते, मागून दांडा, शेवटीं चौरस. छताचा भार डोंगर स्वतःच पेलतो. घारापुरीस पूर्वीच्या काळीं कित्येक खांब मधून तुटून गेले होते आणि त्यांच्या उशा छतास लटकलेल्या राहिल्या होत्या. जुन्या छायाचित्रांत तें चांगलें दिसतें, पुढें ते खांब दुरुस्त करण्यांत आले. ज्यांस घारापुरीस जाणें दूर पडतें अशा आमच्या वऱ्हाडच्या वाचकांनीं हा प्रकार माहूरास पाहावा. महागांवाहून धनोड्यावरून पैनगंगा ओलांडली कीं माहूर. तेथील पांडवलेण्यांत असेच डोंगरांतून सोडविलेले जाड खांब आहेत. सेझिनकोटच्या खांबावर मात्र खरोखरीचा भार आहे. त्याच्यावरून घोड्याची बग्गी जावयाची होती. जो खांब मुळांत भाराचा देखावा करीत होता, त्याच्यावर इंग्लंडांत जाऊन खरा भार आला.

पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर मूळ प्रत घारापुरीस, त्यावरून एक नक्कल कागदावर, कागदावरून दुसरी नक्कल तांब्याच्या पत्र्यावर, आणि तेथून तिसरी दगडांत. पोथीचा वंशवृक्ष काढतांना जी काळजी घ्यावयाची तीच येथें घ्यावयाची आहे. मधल्या प्रतींचे लेखक कोण?

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ सालीं कलकत्त्यास आले व उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि दक्षिणेस कन्याकुमारीकडे हिंडून १७९३ त मुंबईस पोंचले. मुंबईस त्यांस जेम्स वेल्स (१७४७–१७९५) हा स्कॉटलंडचा चितारी भेटला. त्यानें त्यांस घारापुरी, कान्हेरी, कार्ले वगैरे लेणीं हिंडून दाखविलीं. त्या वेळीं काढलेल्या चित्रांवरून घारापुरीचे देखावे डॅनियलांच्या 'ओरिएंटल सीनरी' या ग्रंथांत छापले गेले. हा ग्रंथ १७९५ पासून १८०८ पर्यंत सहा भागांत निघाला व त्यांत १४४ चित्रें आहेत. कॉकरेलच्या पुलाचा खांब या घराण्यांतला.

हा जेम्स वेल्स मराठ्यांच्या इतिहासांत अपरिचित नाहीं. तो १७९१ त मुंबईस उतरला आणि पुढच्याच वर्षीं पुण्यास गेला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांचीं जीं चित्रें आज प्रसिद्ध आहेत, त्यांतलीं उत्तम तीं यानेंच काढलेलीं आहेत. पुण्यास त्याचा आश्रयदाता इंग्रजांचा वकील चार्ल्स मालेट हा होता. १७९० सालीं टिपूविरुद्ध झालेल्या तहाचा दरबार मालेटला चित्रांत हवा होता. वेल्सनें त्यासाठीं एकेकाचे चेहरे टिपून घेतले, परंतु मोठें चित्र पुरें होण्याआधींच, साष्टीच्या लेण्यांचें काम करीत असतां ताप येऊन, तो १७९५ त मरण पावला. तें दरबाराचें चित्र मग कोणी पुरें केलें? याच थॉमस डॅनियलनें. १८०५ सालीं तें लंडनच्या रॉयल अॅकॅडमींत मांडलें गेलें. सध्यां तें तेथील टेट संग्रहालयाच्या मालकीचें आहे. वर्ष पाहावें. ज्या सुमारास कॉकरेलचा वाडा उठत होता, त्याच सुमारास तोच कुंचला शनिवारवाड्यांतील पेशव्यांचा दरबार रंगवीत होता. एका टेबलावर नाना फडणीस आणि दुसऱ्यावर ग्लॉस्टरशायरचा नंदी, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होऊं नये.

वेल्सचीं वेरूळचीं चित्रेंही डॅनियलच्या हातीं गेलीं. तीं २४ चित्रें १८०३ सालीं त्याच्या देखरेखीखालीं छापलीं गेलीं, आणि मुखपृष्ठावर 'जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून' असें नमूद आहे. वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशीं मालेटनें पुढें लग्न केलें. कागदपत्रें, चित्रें, सर्व त्या घरांत राहिलें. १८०३ त मालेटनें विल्टशायरांत विल्बरी येथील वाडा विकत घेतला. म्हणजे पुण्याच्या संगमावर राहिलेला हा वकीलही शेवटीं इंग्लंडच्या एका उपवनाचाच धनी झाला.

आतां गळालेलें नांव. पुण्यास गंगाराम चिंतामण तांबट या नांवाचा एक कारागीर होता. मालेटनें व वेल्सनें त्यास हाताशीं धरलें. इंग्रजी पद्धतीचें रेखन त्यानें आत्मसात केलें. पर्वतीच्या पायथ्याच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें त्यानें १७९० सालीं काढलेलें चित्र उपलब्ध आहे. लेण्यांचीं चित्रें काढण्यासही तो जात असे. वेरूळच्या लेण्यांचीं त्याच्या हातचीं चित्रें आज अमेरिकेंत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयांत आहेत. आडनांवच सांगतें कीं हा तांब्यापितळेचें काम करणाऱ्यांच्या घरचा. लेण्याचा खांब कसा मोजावा, गोलाई कशी धरावी, हें अशा माणसास शिकवावें लागत नाहीं. असें असून १८०३ च्या मुखपृष्ठावर वेल्स आहे, डॅनियल आहे, गंगाराम नाहीं. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, गांव, शक, संवत्सर, तिथि लिहितो, आणि पाठ तुटकी, मान वांकडी झाली असेंही सांगतो. त्यामुळें चारशें वर्षांनंतरही आपण त्यास हाक मारूं शकतों. छापील ग्रंथानें ती पुष्पिका गाळली. गंगारामाच्या प्रत्येक रेषेचा वांटा वेल्सच्या चित्रांतून निवडून काढावा असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु लेण्यांच्या चित्रणाचा जो इतिहास डॅनियलपासून सुरू करण्याची चाल आहे ती पुण्याच्या या तांबटापासून सुरू केली पाहिजे, हें आमचें स्पष्ट मत आहे.

मालेटनें स्वतःही वेरूळचें वर्णन लिहिलें. तें 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडांत छापलेलें आहे. त्यांत लेणीं कोणीं खोदलीं याविषयीं त्यानें स्थानिक लोकांकडून ऐकलेल्या कथा दिल्या आहेत, आणि दोहोंतही ईल राजा येतो. हा ईल म्हणजे एलिचपूरचा, आपल्या वऱ्हाडचा. वेरूळ राष्ट्रकूटांचें व त्यांच्या पूर्वीच्या राजवटींचें हें ज्ञान पुढें ताम्रपट व शिलालेख वाचले गेले तेव्हां आलें. तोंपर्यंत वेरूळचें यश एलिचपूरच्या पदरांत होतें, आणि इंग्लंडांत लेण्यांचीं चित्रें चाळणारा वाचक वऱ्हाडच्या राजाचें नांव वाचून त्यांकडे पाहत असे. ईल राजाची वऱ्हाडी कथा आणि मालेटची कथा यांचे पाठभेद लावण्याजोगे आहेत.

सेझिनकोटच्या देवतांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तेथें जाणारा हिंदु मनुष्य थोडा गोंधळतो. आपल्याकडे नंदी लिंगासमोर बसतो. त्याच्या दृष्टीच्या रेषेंत गाभारा असतो, आणि ती रेषा आडवी ओलांडूं नये अशी रीत आहे. सेझिनकोटचे नंदी कठड्यावर बसले आहेत व त्यांच्या मधून रहदारी चालते. वर सूर्य, मधें नंदी, खालीं नाग. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत सूर्याचा वेष उत्तरेकडचा, पायांपासून छातीपर्यंत अंग झांकलेला, असा सांगितला आहे. असल्या लक्षणांचा येथें विचार करीत बसण्यांत अर्थ नाहीं. ज्यानें हें रचलें त्यास पूजा करावयाची नव्हती. स्टोच्या बागेंत ज्या भावनेनें रोमन देवतांचीं देवळें उठलीं, त्याच भावनेनें हें उठलें आहे. तथापि पंचायतनांत सूर्य आणि शिव एकत्र असतातच, आणि झऱ्याच्या उगमाशीं देऊळ व वाहत्या पाण्यापाशीं नाग हा क्रम आमच्या कोणत्याही तीर्थास शोभेल. डॅनियल सात वर्षें या देशांत घाटांवर आणि कुंडांवर बसून चित्रें काढीत होता. शास्त्र त्यास ठाऊक नसेल, पण डोळ्यांनीं जें घेतलें तें त्याच्या हातांतून आलें आहे.

या सर्वास पैसा कोठून आला हें न सांगणें लबाडीचें होईल. कलकत्त्याच्या पेढ्या कंपनीच्या नोकरांच्या ठेवींवर, हुंड्यांवर व व्यापारावर चालत. कंपनीच्या नोकरांचें उत्पन्न कशांतून होत असे हें बंगालच्या त्या काळच्या इतिहासांत विस्तारानें आलेलें आहे. सरेमध्यें क्लाईव्हनें घेतलेल्या क्लेअरमाँट येथें नवें घर व उपवन ब्राऊनकडून करवून घेतलें, तेंही याच मार्गानें. यांतलें सेझिनकोट एवढ्यापुरतें वेगळें कीं धन जेथून आलें ती जागा त्यानें लपविली नाहीं. घराच्या माथ्यावरच ती लिहून ठेविली. १८०७ त इंग्लंडचा युवराज येथें येऊन गेला, आणि ब्रायटनच्या समुद्रकांठीं त्याचा जो घुमटांचा महाल पुढें १८१५ ते १८२२ या काळांत उठला त्याच्या बाह्यांगाचें मूळ या भेटींत पाहतात. कॉकरेलच्या वंशजांनंतर सेझिनकोट १८८४ त आणि पुन्हां १९४४ त दुसऱ्या घराण्यांकडे गेलें. या शेवटच्या घराण्यानें झाडीचा पुष्कळ जीर्णोद्धार केला, आणि हिंदुस्थान पाहून आल्यावर १९६० नंतरच्या दशकांत दक्षिणेच्या अंगणांत मोंगली चारबागेच्या रीतीचे पाट आंखले. चारबाग मूळची इराणची, तेथून आग्रा-दिल्लीस, तेथून ग्लॉस्टरशायरास. हाही एक पाठांचा प्रवासच, परंतु तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा.

घारापुरीच्या चित्राचें असें झालें; घारापुरीच्या खऱ्या दगडाचें काय झालें तेंही सांगतों. ज्या दगडी हत्तीवरून फिरंग्यांनीं त्या बेटास एलिफंटा नांव दिलें, तो हत्ती १८६४ सालीं इंग्लंडास नेण्याचें घाटत होतें. यारीनें उचलतांना तो कोसळून त्याचे तुकडे झाले, म्हणून राहिला. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेंत आणून ठेविले, १९१४ त जोडून उभे केले, आणि आज जिजामाता उद्यान या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्याच बागेंत तो हत्ती उभा आहे. खांबाचें रूप इंग्लंडच्या वृक्षवाटिकेंत गेलें, आणि हत्ती, तुटल्यामुळें, आमच्या उद्यानांत राहिला. अमराच्या अर्थानें उद्यान, म्हणजे सर्वांस साधारण असें.

राहतां राहिलें तें संग्राहकांस उद्देशून. मालेटची पुण्यांतील वकिली १७८६ पासून दहा-अकरा वर्षांची. या काळांतील मोडी दप्तर ज्यांच्या हातीं असेल त्यांनीं मालेट, मालीट अशा नांवांचीं पत्रें राजकारणाचीं म्हणून एका गठ्ठ्यांत टाकतांना त्यांतील किरकोळ बाबींकडेही लक्ष द्यावें. लेणीं पाहावयास जाण्याकरितां दिलेलीं दस्तकें, वाटेंतील पाटलांस चाऱ्याची व वेठीची ताकीद, चितारी व सुतार यांस दिलेलें बिदागीचें नांवनिशी खर्च, शिकारखान्यांत जाण्याची मोकळीक, असे दोन-चार ओळींचे कागद असतात व ते बहुधा रद्दी ठरतात. तांबट आळीच्या जुन्या घरांतील जमाखर्चाच्या वह्यांचेंही तेंच. गंगाराम चिंतामण हें नांव, किंवा नुसतें गंगाराम तांबट असें, ज्या कागदावर दिसेल त्याची तिथि व संवत्सर तेवढें उतरून घ्यावें, आणि कागद फाटका असला तरी तो गठ्ठ्यांतून निराळा काढून ठेवावा.